हंड्यातून कापलेले गॅस्केट

मित्रांनो, नदीच्या धक्क्यावरून वर चढून आलात की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. तिच्या मागच्या कोपऱ्यात, लाकडी ओंडक्यांवर, गोणपाट पांघरून मी बसलेली आहे. मी लाँचचे जुने डिझेल इंजिन आहे. माझ्या अंगावरच्या हिरव्या रंगाचे पोपडे गळतात, एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे विणले आहे, आणि मांजरीला पिल्ले घालायला जागा हवी असली की ती माझ्याच खाली येऊन बसते. मला त्याचे काही वाटत नाही. कुणी ऊब शोधत माझ्याकडे येते, याचे बरेच वाटते.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवल्यावर मला तासले, भोके पाडली, पोटात पिस्टन बसवले. तपासनिसाने मला दिवसभर पळवून पाहिले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाई, दिल्या घरी सुखी राहा." कारखान्यातले सगळे हसले. अशा रीतीने माझी पाठवणी झाली ती एका लाँचच्या पोटात.

फळ्यांखाली बसल्यामुळे नदी मी कधी धड पाहिली नाही. मी ती ऐकली. फळीपलीकडे ती सारखी बोलत असे. उन्हाळ्यात दबक्या आवाजात, पावसाळ्यात घसा फोडून. अलीकडे वस्ती होती, शाळा होती, छोटा दवाखाना होता. पलीकडे शहर, मोठे रुग्णालय आणि बाजार. पूर्वी दोन्हींना जोडणारा पूल होता. तो एका पुरात गेला. थोड्या खालच्या अंगाला त्याचे दगडी खांब तेवढे पाण्यात उभे राहिले. माणसांना ये-जा करायची तर लाँचशिवाय इलाज नव्हता.

लाँच दोन भावांची होती. थोरला ती चालवायचा. त्याला सगळी वस्ती दादा म्हणायची, अगदी त्याच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. दादा मोठ्या आवाजाचा, घाईचा, हसरा. धाकटा इंजिनाचे काम बघायचा. त्याला लोक मिस्त्री म्हणत. मिस्त्री कमी बोलायचा आणि प्रत्येक बोल्ट कसल्यावर बोटाने पुसून बघायचा. तो माझ्या डोक्यावर तळवा ठेवून उभा राहिला की माझे कुठे काय दुखते ते त्याला कळत असे. दादाची बायको, म्हणजे मिस्त्रीची वहिनी, दुपारी दोघांचा डबा घेऊन धक्क्यावर यायची आणि दोघांची भांडणे ऐकत बसायची.

"हे दोघं भांडले नाहीत तर लाँच सुरू होत नाही," ती म्हणे.

वर्षानुवर्षे मी तसे चालले. किती माणसे नेली, किती पोती, किती सायकली, मला ठाऊक नाही. एकदा एक म्हैस नेली होती. ती सगळी वाट माझ्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होती.

मित्रांनो, आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. माझे धड आणि डोके, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत हेड, वेगळे असतात. दोन्ही बोल्टांनी घट्ट आवळलेले असतात आणि मधे एक पातळ पत्रा असतो. त्याला गॅस्केट म्हणतात. धक्क्यावरची माणसे नुसते पॅकिंग म्हणत. माझ्या पोटात एका घरात आग असते, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात तेल. तिघे एकमेकांच्या घरात घुसू नयेत म्हणून हे गॅस्केट मधे उभे असते. ते शाबूत असते तोवर त्याचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

एका उन्हाळ्यात नदीतले शेवाळ माझ्या पाण्याच्या नळीत अडकले. मी तापले, आणि ते गॅस्केट जळाले. मिस्त्रीने डोके उघडले, काळा पडलेला पत्रा उचलला आणि मान हलवली. शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराला निरोप गेला. उलटा निरोप आला, "हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. कुठे शिल्लक असेल तर मागवतो. थांबावं लागेल."

थांबणे दादाच्या स्वभावात नव्हते.

"जाड पुठ्ठा काप, तेलात बुडव आणि दे बसवून," तो म्हणाला. "चार फेऱ्या तरी होतील."

"दादा, हे डुगडुगत्या टेबलाखालचं टेकण नाही. आत आग असते."

"मग रबर घाल."

"रबराचा धूर निघेल. आणि एकदा हेड वाकलं की इंजिन भंगारात."

"अरे, पण लोक ताटकळतायत!"

"ताटकळू देत. मधेच बंद पडलं तर काय करशील? पोहत नेशील सगळ्यांना?"

दादा चरफडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्त्री मात्र हटला नाही. बरोबर वस्तू आल्याशिवाय तो माझे डोके बंद करणार नव्हता. माणसे लहान होड्या वल्हवत कशीबशी पलीकडे जाऊ लागली. मी उघड्या डोक्याने, अंगावर फडके घेऊन वाट बघत राहिले.

मग ती वाऱ्याची दुपार आली. वारा असा सुटला होता की होड्या सगळ्यांनी काठावर ओढून उलट्या घातल्या होत्या. वहिनीचे दिवस भरले होते. सकाळपासून कळा येत होत्या. दवाखान्यातली नर्स पदराला हात पुसत धक्क्यावर आली आणि म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातात काही नाही. पलीकडे न्यावंच लागेल, आणि लवकर."

मित्रांनो, रोज हुज्जत घालणारा दादा त्या दिवशी पुठ्ठा, रबर सगळे विसरला. लाँचच्या दाराशी येऊन तो नुसता उभा राहिला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिले.

"घरात तांब्याचं काही आहे? जाडसर?"

"हंडा आहे. तिच्या आईनं दिलेला."

"आण."

तो हंडा मिस्त्रीने उभा चिरला. त्याचा पत्रा ऐरणीवर ठेवून लाकडी हातोड्याने सपाट केला. भट्टीत लाल करून पाण्यात बुडवला, म्हणजे तांबे मऊ पडते. मग माझे जळके गॅस्केट त्यावर ठेवून खिळ्याने आकार ओढला, कातरीने कापला आणि कानशीने एकेक भोक घासत बसला. बाहेर दादा येरझारा घालत होता. मिस्त्रीच्या कपाळावरचा घाम तांब्यावर पडत होता आणि तो बाहीने पुसत होता. शेवटी तो पत्रा माझ्या धडावर ठेवला गेला. थंड, अनोळखी. अजून त्याला घरातल्या पाण्याचा वास होता. डोके बसले, बोल्ट आवळले.

मी सुरू झाले.

वहिनीला माझ्या शेजारच्या फळीवर निजवले होते. तिचे कण्हणे मला नदीपेक्षा जवळून ऐकू येत होते. सगळी वाट मिस्त्रीचा तळवा माझ्या डोक्यावर होता. तांब्याने दगा दिला नाही. आम्ही पलीकडे पोहोचलो. संध्याकाळी दादा रुग्णालयातून पळत आला, वाकला आणि चक्क माझ्या तापलेल्या डोक्याचा मुका घेतला. त्याचे ओठ पोळले.

"मुलगी!" तो ओरडला. "दोघी बऱ्या आहेत! धाकट्या, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर..."

 मिस्त्री लाँचच्या फळीवर बसून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर वस्तीत मिस्त्रीचे नाव झाले. न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे तिथे तीच गोष्ट. "आपला मिस्त्री कंपनीला शिकवील," लोक म्हणत. कुणी मुद्दाम येऊन माझ्याकडे वाकून बघे. त्या मुलीला तर लोक 'हंडी' म्हणू लागले. वहिनीला ते मुळीच आवडायचे नाही, पण नाव चिकटले ते चिकटले. कमी बोलणारा मिस्त्री आता तांबे कसे मऊ केले ते सांगताना हात हलवून बोलू लागला. मला त्याचा अभिमान वाटे. खोटे कशाला सांगू, स्वतःचाही वाटे.

खरे गॅस्केट आले तेव्हा हंडी पालथी पडायला लागली होती. तेलकट कागदात गुंडाळलेले ते पुडके दादाने स्वतः दुकानातून आणले.

"आला रे तुझा पाहुणा," तो म्हणाला. "घे, बसव."

मिस्त्रीने पुडके उलटसुलट करून पाहिले. "बसवू की. पण चालतंय ना आत्ता? हेड उघडायचं म्हणजे दिवस मोडला."

"मोडू दे. तूच म्हणत होतास ना, बरोबर वस्तूच पाहिजे म्हणून?"

"तेव्हा माझा हात मला माहीत नव्हता," मिस्त्री हसून म्हणाला, आणि त्याने ते पुडके शेडमधल्या खिळ्याला अडकवून टाकले.

ते तिथेच राहिले. दादा अधूनमधून आठवण करी. कधी गर्दी असे, कधी मिस्त्री दुसऱ्या कुणाच्या पंपात गुंतलेला असे, कधी दादाच विसरे. मला बोलता येत असते तर मी सांगितले असते. तांबे दर फेरीला तापून फुगत होते, थंड होऊन आकसत होते. दुसऱ्या सिलिंडरच्या कडेला, आगीच्या आणि पाण्याच्या घरांमधली भिंत सगळ्यात अरुंद असते. तिथे ते थकत चालले होते. माझ्या पाण्याच्या टाकीत बारीक बुडबुडे येऊ लागले. माझ्याकडे सांगायला तेवढीच भाषा होती.

वरच्या मुलखात पाऊस झाला आणि नदी गढूळ होऊन फुगली. बाजाराचा दिवस होता. लाँच भरली होती. भाजीच्या टोपल्या, दोन म्हातारे, शाळेच्या बाई, लेकुरवाळ्या बायका. मिस्त्रीही निघाला होता, त्याला शहरातून काही सामान आणायचे होते.

"हे हल्ली पाणी फार पितंय," दादा मला दाखवून म्हणाला. "टाकी सारखी भरावी लागते."

मिस्त्रीने पाना घेतला आणि बोल्ट थोडे आवळले. "झालं. उद्या उघडतो."

"उद्या म्हणजे उद्या हं, धाकट्या."

"हो रे बाबा. नक्की."

नदीच्या मध्याला पोहोचलो तेव्हा माझ्या आतून बारीक आवाज आला. फुस्स. कुणी दातांतून श्वास सोडावा तसा. एवढ्या गलबल्यात तो कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. पण दादाने ऐकला. सुकाणूवरचा हात न काढता त्याने वळून भावाकडे पाहिले. मिस्त्रीनेही ऐकला होता.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला.

मित्रांनो, हे दोन शब्द मी अजून ऐकते.

दादाने मान पुढे वळवली. फुस्सची शीळ झाली. मग आत काहीतरी फाटले आणि पाणी आगीच्या घरात घुसले. मी गुदमरले. मी खूप झटले, पण पिस्टन पाण्यावर आपटून अडकला आणि मी थांबले. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत नदी केवढी मोठ्याने बोलत होती ते सगळ्यांना कळले.

लाँच प्रवाहात आडवी वळली. दादाने नांगर टाकला. तळाला खडक होता, नांगर घसरत राहिला. प्रवाह आम्हाला जुन्या पुलाच्या खांबांकडे ओढत होता.

"बसा!" दादा ओरडला. "कुणी उभं राहू नका! पोरांना धरा!"

मिस्त्री माझ्या अंगावर ओणवा होऊन मला पुन्हा सुरू करायला हाताने चाक फिरवत होता. "चल, चल ना गं," असे म्हणत होता. मी कशी चालणार?

दादाने दोराचे वेटोळे खांद्यावर घेतले. पहिल्या खांबाजवळून लाँच गेली त्या क्षणी त्याने खांबाच्या दगडी कट्ट्यावर उडी मारली आणि वर आलेल्या लोखंडी कडीला दोर गुंडाळला. दोर ताठ झाला. लाँच हिसका खाऊन थांबली. फळ्या करकरल्या, टोपल्या उलटल्या, पण माणसे सगळी लाँचमध्येच राहिली. शाळेच्या बाई देवाचे नाव घेऊ लागल्या. कुणीतरी "दादा, शाबास!" असेही म्हणाले.

कट्ट्यावर शेवाळ होते. ताणलेला दोर थरथरत दादाच्या पोटऱ्यांवर बसला आणि त्याचा पाय सुटला. मिस्त्रीने हात पुढे केला होता. दोघांच्या हातांत अंतर फार नव्हते.

पलीकडच्या कोळ्यांनी होड्या आणून सगळ्यांना उतरवले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. दादा दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर, लव्हाळ्यात सापडला.

मला ओढून परत आणले. घरात माणसे रडत बसली होती, आणि मिस्त्री लाँचमध्ये येऊन माझे डोके उघडत होता. त्याने तो तांब्याचा पत्रा उचलून उजेडात धरला. कडेला केसाएवढी काळी चीर होती. त्याने तो खाली ठेवला. शेडमध्ये गेला, खिळ्यावरचे पुडके काढले, तेलकट कागद उलगडला. खरे गॅस्केट माझ्या अंगावर असे बसले की जणू इतके दिवस ते कुणी माझ्यापासून काढून घेतले होते. मिस्त्रीने बोल्ट ठरल्या क्रमाने आवळले, पुसले, पुन्हा तपासले. इतके नेमके काम त्याने कधी केले नव्हते. सगळे झाल्यावर त्याने पाना नदीत फेकून दिला.

वस्तीला लाँच हवीच होती. सुकाणू मिस्त्रीने घेतले. पण नदीच्या मध्याला आलो की तो मला बंद करी आणि कान लावून बसे.

"काय झालं, मिस्त्री?" माणसे विचारीत.

"आवाज येतोय. फुसफुस. तुम्हाला नाही येत?"

"नाही बुवा. काही नाही."

'काही नाही' ऐकले की त्याचा चेहरा राखेसारखा होई. तो तिथेच नवा पाना काढून बोल्ट तपासायला लागे, आणि लाँच प्रवाहात हळूहळू वळत राही. माणसे घाबरत, चिडत. डोके उघडून उघडून त्याने माझे बोल्ट झिजवले. मला काहीही झालेले नव्हते. मी उभ्या आयुष्यात कधी इतकी ठणठणीत नव्हते. "डोक्यावर परिणाम झालाय," लोक धक्क्यावर कुजबुजू लागले. काही जण पुन्हा होड्यांनी जाऊ लागले.

वहिनी त्या दिवसानंतर लाँचमध्ये चढली नव्हती. दिरासमोर ताट ठेवी, पण बोलत नसे. एका दिवशी हंडीला ताप भरला आणि नर्सने पलीकडे न्यायला सांगितले. वहिनी मुलीला छातीशी धरून आली आणि माझ्या शेजारच्या त्याच फळीवर बसली. मध्याला आल्यावर मिस्त्रीने मला बंद केले. पाणी फळ्यांवर थपथपत होते.

"अहो, चला ना! पोर तापानं फणफणलंय," मागून कुणी म्हणाले.

मिस्त्रीने तिकडे लक्ष दिले नाही. तो वहिनीकडे बघत होता.

"वहिनी, तुम्हाला येतोय का आवाज?"

तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

"येतो," ती म्हणाली. "मला घरीपण येतो. चुलीपाशी, विहिरीवर, कुठेही."

मिस्त्री खाली बसला. "दादानं माझ्याकडे बघितलं होतं, वहिनी. मी काही नाही म्हणालो. मला ऐकू आलं होतं, तरी म्हणालो."

"माहीत आहे. शाळेच्या बाईंनी सांगितलं मला." तिने मुलीच्या अंगावरची शाल सारखी केली. "भावजी, त्याच तांब्यानं ही माझ्या मांडीवर आली, आणि त्याच तांब्यानं ते गेले. मी दोन्ही वेगळं करायला बघते. होत नाही. तुमच्यावर रागवायला बसते, तर ही समोर रांगत येते. तुम्हीही ते वेगळं करायच्या नादाला लागू नका. आवाज यायचाच. येऊ दे. आता इंजिन चालू करा, पोरीला ताप आहे."

मिस्त्रीने मला सुरू केले. पलीकडे पोहोचेपर्यंत मी थांबले नाही. त्यानंतर त्याने मला पुन्हा मध्यात कधी थांबवले नाही. आवाज येई तेव्हा तो फक्त मान तिरकी करी आणि चालवत राही.

पुढे नवी लाँच आली, तिच्याबरोबर नवे इंजिन आले आणि मी शेडमध्ये आले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मिस्त्रीने त्याला चहा पाजून परत पाठवले.

मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. या शेडमध्ये पंप, सायकली, शिवणयंत्रे दुरुस्त करतो. कुणाचे काम अडले आणि सुटा भाग मिळत नसला की तो नाही म्हणत नाही. हाताने काहीतरी बनवून देतो. फक्त त्याची एक अट असते. त्या माणसाने एक चप्पल इथे ठेवून जायची. "खरा भाग आणा, मी बसवतो, मग चप्पल घेऊन जा." माणसे हसतात, वैतागतात, एका पायाने लंगडत घरी जातात. एकदा डाकवाल्याने नवीनच चपला घेतल्या आणि इकडे फिरकलाच नाही. तेव्हा मिस्त्री जुनी चप्पल हातात घेऊन त्याच्या दारात जाऊन बसला, आणि तो सायकलचा खरा ब्रेक बसवू देईपर्यंत उठला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगायला हवे. तेही सांगते. अडल्या वेळी हंडा फोडून काम भागवावे लागले तर भागवा. माझी त्याला ना नाही, त्या दुपारी थांबलो असतो तर हंडी आज शाळेत मुलांना शिकवत नसती. पण वेळ भागली की आपलेच कौतुक ऐकत बसू नका. त्याच दिवशी खऱ्या भागाच्या मागे लागा, आणि तो आला की हातातले काम टाकून बसवा.

माझे स्वतःचे मागणे मात्र वेगळे आहे. तुम्ही कधी या शेडमध्ये आलात तर मिस्त्री काम करता करता मधेच थांबेल. माझ्या गोणपाटाकडे बघेल, मान तिरकी करील आणि तुम्हाला विचारील, "आवाज येतोय का रे?" मी थंडगार असते. माझ्यात डिझेलचा थेंब नाही. तुम्हाला खरोखरच काही ऐकू येणार नाही. तरी घाईने "काही नाही" म्हणू नका. त्याच्याजवळ क्षणभर उभे राहा आणि नीट ऐका.